साडेपाच सेंटांचा चाप

हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की अमेरिकेच्या ग्रामीण भागातील एखादा गृहस्थ आपली जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल टेबलावर उघडून बसतो. कारखान्याने बसविलेला चाप तो काढतो आणि त्या जागी बाजारात सुटा मिळणारा दुसरा चाप स्वत:च्या हाताने बसवितो. हे काम तिकडे आपल्याकडील सायकलचे पंक्चर काढण्याइतके सामान्य समजले जाते. दस्त्याचे स्क्रू सोडवायचे, दोन खिळी बाहेर काढायच्या, नवा साचा बसवायचा, एवढेच दिसायला ते काम आहे. नव्या चापाची किंमत साधारणत: शंभर ते दोनशे डॉलरच्या दरम्यान असते आणि तो टपालाने घरपोच येतो, कारण १९६८ च्या अमेरिकी शस्त्र कायद्याच्या दृष्टीने रायफलचा मुख्य सांगाडा तेवढाच 'शस्त्र' ठरतो. चाप हा नुसता सुटा भाग, त्याला परवाना लागत नाही.

या घरगुती उद्योगाची दखल अर्थशास्त्राने घ्यावी असे त्यात काय आहे, असा प्रश्न साहजिकच पडेल. बंदुकांवरील अमेरिकेतील वाद आपल्या परिचयाचा आहे. तो बहुधा सामूहिक हत्याकांडे आणि राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती या दोन टोकांमध्येच फिरत राहतो. परंतु बंदूक ही एक वस्तूही आहे. ती कारखान्यात तयार होते, दुकानात विकली जाते, तिला खर्च आहे, किंमत आहे आणि दोषही असू शकतो. त्या दोषाची दुरुस्ती कोणी करावयाची, हा प्रश्न त्या गृहस्थाच्या टेबलावर येऊन कसा पडला याची हकीगत कोणत्याही उद्योगप्रधान समाजाने वाचावी अशी आहे.

चाप बदलण्याची कारणे दोन. पहिले निरुपद्रवी आहे. चाप ओढण्यासाठी जितके बळ लागते तितकी नेम धरताना बंदूक हलण्याची शक्यता वाढते. अपघात झाल्यास न्यायालयात खेचले जाऊ, या धास्तीने अनेक कारखानदार चाप मुद्दाम जड ठेवीत आले. अशा चापाला तिकडचे नेमबाज उपहासाने 'वकिली चाप' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी रायफली नागरी बाजारात आल्या, तेव्हा त्यांचे जड चाप बदलून देण्याचा धंदा फोफावला. या धंद्यातील एक नामांकित कंपनी, टिम्नी, १९४६ साली निघाली. हौशी माणसाने हौसेखातर केलेला खर्च म्हणून हे सोडून देता येईल.

दुसरे कारण भीतीचे आहे आणि त्याचा संबंध रेमिंग्टन या कंपनीच्या 'मॉडेल ७००' रायफलशी येतो. १८१६ साली स्थापन झालेली ही कंपनी १९३३ पासून १९९३ पर्यंत ड्यू पाँ या रासायनिक उद्योगाच्या ताब्यात होती. तिचे अभियंते माइक वॉकर यांनी तयार केलेला चाप १९४८ च्या 'मॉडेल ७२१' मध्ये प्रथम आला आणि १९६२ पासून 'मॉडेल ७००' मध्ये वापरला गेला. 'मॉडेल ७००' पन्नास लाखांहून अधिक विकली गेली. अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय रायफलींत तिची गणना होते. चाप हलका, कुरकुरीत आणि अचूक होता, याविषयी टीकाकारांचेही दुमत नाही.

दोषाचे स्वरूप

या चापात वॉकर यांनी एक वेगळा पातळ पोलादी तुकडा घातला होता. तो चापाला जोडलेला नव्हता. स्प्रिंगच्या दाबाने चापाला टेकून राहणे, एवढेच त्याचे बंधन होते. बंदूक उडताना हा तुकडा क्षणभर चापापासून सुटतो आणि पुन्हा जागेवर येतो, निदान यावा अशी अपेक्षा असते. त्या फटीत धूळ, गंज, घट्ट झालेले तेल किंवा थंडीत गोठलेला ओलावा अडकला, तर तो पुरता परतत नाही. मग बंदुकीचा खटका तोलून धरणारी पकड इंचाच्या काही सहस्रांशांवर येऊन ठेपते. सुरक्षा-कळ 'बंद' असेपर्यंत सारे ठीक दिसते. ती कळ 'चालू' कडे सरकविली की चापाला बोटही न लागता गोळी सुटू शकते. दावेदारांच्या तज्ज्ञांचे म्हणणे थोडक्यात हे होते.

यातील क्रूर विसंगती अशी की, १९८२ पर्यंतच्या रायफलींत सुरक्षा-कळ 'बंद' असताना बोल्टही अडकून राहत असे. भरलेली रायफल रिकामी करावयाची असेल, तर प्रथम कळ 'चालू' कडे सरकविणे भाग होते. म्हणजे बंदूक हाताळण्यातील सर्वांत जबाबदारीचे जे कृत्य, तेच धोक्याचे ठरत होते. २००० साली मोंटाना राज्यात शिकारीहून परतलेली एक माता रायफल रिकामी करण्यासाठी कळ सरकवीत असताना गोळी सुटली आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा ठार झाला. १९८२ मध्ये कंपनीने बोल्ट अडकण्याची व्यवस्था काढून टाकली होती, परंतु नव्या रायफलींपुरती. आधी विकलेल्या लाखो रायफली कपाटांत होत्या तशाच राहिल्या.

कंपनीने आपल्या चापात दोष असल्याचे कधीही मान्य केलेले नाही, हे येथे नमूद केलेच पाहिजे. मालकांनी नीट निगा राखली नाही, चापाचे स्क्रू स्वत: फिरविले, अथवा बंदुकीची नळी माणसाच्या दिशेने धरू नये हा पहिला नियम मोडला, असा तिचा बचाव राहिला. या बचावात तथ्य अजिबात नाही असे नाही. स्क्रू फिरविणारे मालक होते आणि आहेत. परंतु २०१० मध्ये सीएनबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे लोकांसमोर आणली, तेव्हा असे दिसले की, १९४६ सालीच, म्हणजे रायफल बाजारात येण्यापूर्वी, खुद्द वॉकर यांनी सुरक्षा-कळीशी संबंधित संभाव्य धोक्याची नोंद केली होती. १९४८ मध्ये त्यांनी त्यावर उपायही सुचविला होता. त्याचा खर्च दर रायफलीमागे साडेपाच सेंट होता. तो महाग ठरविण्यात आला.

हिशेब कोठे चुकला?

योगायोग असा की, याच सुमारास, १९४७ साली, न्यूयॉर्क बंदरात बुडालेल्या एका मालवाहू तराफ्याच्या खटल्यात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी निष्काळजीपणाची एक बीजगणिती कसोटी मांडली. अपघाताची संभाव्यता आणि त्यातून होणारे नुकसान यांचा गुणाकार प्रतिबंधाच्या खर्चाहून अधिक असेल, तर प्रतिबंध न करणारा निष्काळजी ठरतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कसोटी सीमान्त लाभ-खर्चाच्या नियमाची सख्खी बहीणच वाटेल. ती येथे लावून पाहावी. वरची बाजू धरून पन्नास लाख रायफलींना साडेपाच सेंटांप्रमाणे पावणेतीन लाख डॉलर होतात. भिन्न वर्षांतील पैशांची तुलना जपून केली पाहिजे. १९४८ चे साडेपाच सेंट आजच्या भावाने सुमारे सत्तर सेंट होतील. तो दर धरला तरी एकूण खर्च पस्तीस लाख डॉलरपलीकडे जात नाही. आणि १९७८ साली टेक्सासमधील एका अपघाताच्या दाव्यात, याच घराण्यातील दुसऱ्या एका रायफलीबाबत, कंपनीने दिलेली तडजोडीची रक्कम होती अडुसष्ट लाख डॉलर. एकच दावा! १९९४ मध्ये टेक्सासच्याच ज्युरीने 'मॉडेल ७००' च्या दुसऱ्या एका प्रकरणात एक कोटी सत्तर लाख डॉलरचा निवाडा दिला.

मग नफ्यासाठी चालणाऱ्या, हिशेबात तरबेज असलेल्या उद्योगाने हा उघड फायद्याचा सौदा का नाकारला? कंपनी दुष्ट होती असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने काहीच समजत नाही. पहिली गोष्ट, साडेपाच सेंट आज आणि निश्चित खर्च व्हावयाचे होते; अपघात उद्याचे आणि अनिश्चित होते. ज्या व्यवस्थापकाने खर्च वाचविला तो दावे उभे राहीपर्यंत निवृत्त झालेला असतो. दुसरी गोष्ट, गोळी बहुधा ग्राहकाला लागत नाही. त्याच्या मुलाला, मित्राला, शेजाऱ्याला लागते. बाजारातील किमतीत ज्याचा आवाज नाही अशा तिसऱ्या व्यक्तीवर खर्च पडतो. पाठ्यपुस्तकात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात त्याचे याहून धडधडीत उदाहरण शोधून सापडणार नाही.

परंतु तिसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. काळ जाऊ लागला तसा दुरुस्तीचा खरा खर्च साडेपाच सेंट राहिलाच नाही. नवा चाप आणणे म्हणजे जुना सदोष होता अशी कबुली देणे. आणि ती कबुली विकल्या गेलेल्या प्रत्येक रायफलीबरोबर वाढत जाणारी होती. पहिल्या हजार रायफलींनंतर जी दुरुस्ती स्वस्त होती ती विसाव्या लाखानंतर परवडेनाशी झाली. अपघातानंतर केलेली सुधारणा दोषाचा पुरावा म्हणून वापरू नये, असा नियम अमेरिकी पुराव्याच्या कायद्यात १९७५ पासून आहे, तो याच अडचणीवर उपाय म्हणून. पण न्यायालयातील पुरावा निराळा आणि बाजारातील बोलबाला निराळा. १९७९ च्या जानेवारीत कंपनीच्या सुरक्षा उपसमितीच्या बैठकीत झालेला विचार या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. तेव्हा वापरात असलेल्या वीस लाख रायफलींपैकी सुमारे एक टक्का या धोक्याला बळी पडू शकतील, असा अंदाज होता. वीस हजार सदोष रायफली शोधण्यासाठी वीस लाख परत बोलवाव्या लागतील, म्हणून परत बोलवू नयेत, असे ठरले. अंकगणित निर्दोष आहे. मात्र त्यात एका बाजूला रायफलींची संख्या आहे आणि दुसऱ्या बाजूलाही रायफलींचीच. माणूस कोठेच नाही.

असा प्रसंग अन्य वस्तूंबाबत आला असता तर सरकारने हस्तक्षेप केला असता. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी एक आयोग स्थापन झाला. तो टोस्टर परत बोलावू शकतो, पाळणे परत बोलावू शकतो. बंदूक मात्र त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली, आणि तीही मोठ्या चतुराईने. करसंहितेच्या ज्या कलमाखाली बंदुका व काडतुसांवर उत्पादन शुल्क बसते, त्या कलमाखालील वस्तू 'ग्राहकोपयोगी वस्तू' नव्हेत, अशी व्याख्याच करण्यात आली. परिणाम असा की, छऱ्याच्या बंदुका बनविणाऱ्या डेझी या कंपनीवर २००१ मध्ये हा आयोग कारवाई करू शकला. खऱ्या रायफलीच्या कारखान्याकडे त्याला साधे पत्र पाठवून परत बोलावण्याचा आदेश देता येत नाही. २००५ च्या कायद्याने शस्त्रनिर्मात्यांना दाव्यांपासून मोठे संरक्षण मिळाले. त्यातून सदोष रचनेचे दावे वगळले गेले म्हणून न्यायालयाचा दरवाजा तेवढा उघडा राहिला.

पंचाहत्तर लाखांतील बावीस हजार

त्या दरवाजातून काय बाहेर आले तेही पाहावे. मिसुरी राज्यातील संघीय न्यायालयात दाखल झालेल्या सामूहिक दाव्यात २०१४ मध्ये तडजोड झाली. तिच्यानुसार सुमारे पंचाहत्तर लाख बंदुकांपैकी बहुतेकांचे चाप कंपनी विनामूल्य बदलून देणार होती. ज्या जुन्या नमुन्यांत नवा चाप बसत नाही, त्यांच्या मालकांना दहा ते साडेबारा डॉलरचे खरेदीचे कुपन मिळणार होते. साडेबारा डॉलरच्या कुपनाने धोका कसा कमी होतो हे अर्थातच कोणी सांगितले नाही. प्रारंभी अडीच हजारांहूनही कमी मालकांनी अर्ज केले, तेव्हा न्यायाधीशांनी प्रसिद्धीची योजना परत पाठविली. मग रेडिओ, समाजमाध्यमे, दुकानांतील भित्तिपत्रके यांचा वापर झाला. २०१७ च्या मार्चमध्ये तडजोडीला मान्यता मिळाली त्या सुमारास अर्जांची संख्या बावीस हजारांच्या आसपास होती. टक्केवारी काढली तर तीन दशांशही भरत नाही. वकिलांची फी मात्र सव्वा कोटी डॉलर मंजूर झाली. २०१८ मध्ये अपील न्यायालयानेही तडजोड कायम केली.

इतके थोडे लोक का आले? रेमिंग्टनवरील निष्ठा, बंदूक टपालाने दूर पाठविण्याची अनिच्छा, सरकारविषयी संशय, हे सारे असेल. पण मूळ अडचण अशी की, मोटार परत बोलावता येते, कारण तिची नोंदणी असते. १९८६ च्या कायद्याने अमेरिकेत बंदुकांची केंद्रीय नोंदवही ठेवण्यास बंदी आहे. १९६५ साली बापाने घेतलेली रायफल आज नातवाच्या हाती असते आणि मधल्या काळात ती दोन वेळा विकलीही गेलेली असते. कोणाला कळवायचे? नोंदणी नको या आग्रहाची किंमत नोंदणी नको म्हणणाऱ्यांनाच अशी मोजावी लागली. हा मुद्दा तिकडच्या बंदूकप्रेमी संघटनांनी फारसा चर्चेत आणला नाही, त्याचे आश्चर्य वाटू नये.

आणि त्यातच कंपनीने २००६ पासून वॉकर यांच्या चापाऐवजी आणलेला नवा चापही निर्दोष निघाला नाही. जोडणीच्या वेळी चिकटद्रव्य प्रमाणाबाहेर वापरले गेल्यामुळे बंदूक आपोआप उडू शकते, असे सांगून १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळातील रायफली कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये स्वत:च परत बोलावल्या. आता ज्या मालकाला खरोखर धास्ती वाटते त्याने कोणावर विसंबावे? ज्या कारखान्याने दोन वेळा निराश केले त्याच्याकडे पुन्हा बंदूक पाठविण्यापेक्षा दीडशे डॉलर खिशातून घालून दुसऱ्या कंपनीचा चाप टेबलावर बसविणे त्याला शहाणपणाचे वाटते. त्याच्या बाजूने पाहिले तर हा निर्णय विवेकाचाच आहे.

मात्र त्या क्षणी एक अदृश्य हस्तांतरण घडते. कारखान्याने बसविलेला चाप काढला की कारखान्याची जबाबदारीही जवळजवळ त्याच्याबरोबर निघून जाते. नव्या चापाचा उत्पादक बहुधा सांगतो की, बसविण्याचे काम जाणकार बंदूक-कारागिराकडून करून घ्यावे. त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याने पकड फार कमी ठेवली, सुरक्षा-कळ चापाशी नीट जुळली आहे की नाही हे तपासले नाही, तर दोष त्याचा. शेवटचा उत्पादक तो स्वत: ठरतो. त्याच्यामागे ना विमा, ना प्रयोगशाळा, ना गुणनियंत्रण. पूर्वी ज्या धोक्याचा खर्च तत्त्वत: तरी कंपनीवर टाकता येत होता, तो आता एका कुटुंबावर येऊन पडला, आणि ही अदलाबदल करण्यासाठी त्या कुटुंबाने वर दीडशे डॉलर मोजले. बाजार दोष सुधारतो असे म्हणणारे या सुट्या भागांच्या भरभराटीकडे बोट दाखवितात. दोष सुधारतो हे खरे, पण ज्याला तो माहीत आहे, ज्याच्याजवळ पैसे आहेत आणि ज्याच्या हातात कसब आहे त्याच्यापुरता. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याची रायफल तशीच राहते. ती विकावयास काढली तर घेणाराला आतला चाप जुना की नवा, कारागिराने बसविलेला की मालकाने, हे बाहेरून दिसत नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे दाखवून दिले तेच येथे घडते. फरक एवढाच की, तेथे फसवणूक खिशाला चाट लावून थांबते.

रेमिंग्टन कंपनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. दुसऱ्या वेळी तिची मालमत्ता तुकड्यातुकड्याने विकली गेली: दारूगोळ्याचा धंदा एकाकडे, बंदुकांचा दुसऱ्याकडे. न्यूयॉर्क राज्यातील इलियन गावचा तिचा सुमारे दोन शतकांचा कारखाना २०२४ च्या मार्चमध्ये बंद पडला आणि उत्पादन जॉर्जिया राज्यात हलले. रायफली मात्र कंपन्यांहून दीर्घायुषी असतात.

आपल्याकडे हा प्रश्न याच रूपात उभा राहणार नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्यावाचून बंदुकीची दुरुस्तीसुद्धा करता येत नाही. परंतु बंदूक बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतोच, कारण दुरुस्ती हा भारतीय कुटुंबाचा नित्याचा व्यवहार आहे. कुकरची झडप, शेगडीची नळी, स्कूटरचे ब्रेक, मोबाइलची बॅटरी यांचे मूळ भाग महाग म्हणून सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानातून येतात आणि पुष्कळदा घरीच बसविले जातात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. बिघडलेली वस्तू फेकून नवीच घ्या, असे सांगणाऱ्या उत्पादकांना त्यामुळे काहीसा पायबंद बसेल.

तथापि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रथमच आणलेल्या उत्पादन-दायित्वाच्या प्रकरणात सत्त्याऐंशीवे कलम असे सांगते की, अपाय घडला त्या वेळी वस्तूत बदल अथवा फेरफार झालेला असेल, तर विक्रेत्यावर दावा आणता येत नाही. एकीकडे ग्राहकाला दुरुस्तीचा हक्क द्यावयाचा आणि दुसरीकडे त्याने तो बजावला की दाद मागण्याचा एक मार्ग बंद करावयाचा, असा हा मेळ आहे. कुकरची झडप बदलली म्हणून भांड्याच्या सदोष तळाबद्दलही दावा बुडावा काय? बदललेला भाग आणि अपायाचे कारण यांचा संबंध सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर असावा, की झालेल्या फेरफाराचा अपायाशी संबंध नव्हता हे जखमी झालेल्या गृहिणीने प्रयोगशाळेतून सिद्ध करून आणावे? दुरुस्तीच्या हक्काचे नियम जेव्हा केव्हा पक्के होतील, तेव्हा या एका मुद्द्याचा खुलासा त्यांत स्पष्ट शब्दांत असावयास हवा, आणि त्यासाठी ग्राहक संघटनांनी सत्त्याऐंशीव्या कलमाच्या दुरुस्तीची मागणी आताच लावून धरली पाहिजे.